बिनफवारणीची पंगत

गुजरीत भाजी विकणाऱ्याला नाव नसतं. समोर जो माल असेल ते त्याचं नाव. माझ्या वडिलांना अख्खी गडचिरोली ‘कांदे’ म्हणायची. ‘ओ कांदे, द्या बरं दोन किलो.’ ते वारले तेव्हा मातीला आलेला एक माणूस मला हळूच विचारत होता, ‘कांदेभाऊंचं खरं नाव काय होतं हो?’ मी त्यांच्या जागेवर बसलो आणि पावसाळ्यात ‘काटवल’ झालो, हिवाळ्यात ‘मेथी’. अय्युब हे नाव घरी आणि मशिदीतच तेवढं वापरात राहिलं.

आमच्याकडे रोजच्या भाजीबाजाराला गुजरी म्हणतात. दूरच्या वाचकांसाठी तिथलं काम थोडक्यात सांगतो. पहाटे बाहेरून ट्रक येतो. हर्रास होतो, म्हणजे बोली लागते. आपण ढीग उचलायचा, टोपलीत मांडायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या मरणाशी झुंजायचं. भाजी तोडली की मरायला लागते. पाणी शिंपडणं, ओलं पोतं पांघरणं, वाळलेली पानं खुडून टाकणं, सगळी धडपड एवढ्याचसाठी की ती गिऱ्हाईकाच्या घरी पोचेस्तोवर जिवंत दिसावी. हे मी जन्मभर केलं आणि चांगलं केलं. पण ती भाजी कोणी पिकवली, कुठल्या गावी, तिच्यावर काय फवारलं, हे मला ठाऊक नसायचं. ट्रकवाल्यालाही नसायचं.

बिरजाबाई मडावी आली आणि हे बदललं.

ती धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची. एका पावसाळ्यात एसटीतून उतरून थेट माझ्या दुकानाशेजारी येऊन बसली. पुढ्यात एक टोपली, अर्धी काटवलांची, म्हणजे करटोल्यांची, अर्धी वांग्यांची. मी म्हटलं, ‘बाई, सगळं मलाच देऊन टाका, मी विकतो. तुम्ही कशाला ताटकळता?’

‘नाई भाऊ,’ ती म्हणाली. ‘मी इकतो. खानाऱ्याचं तोंड पायचं हाय मले.’

दुपारपर्यंत तिची काटवलं संपली. वांगी उरली, कारण ती वाकडीतिकडी होती आणि एखाद्याला भोक होतं. एसटीची वेळ झाली तेव्हा तिनं ती माझ्या टोपलीत ओतली आणि निघून गेली. मी घरी नेली. माझी बायको रजिया स्वयंपाकाच्या बाबतीत कोणाचं कौतुक करत नाही, माझ्या आईचंही तिनं कधी केलं नाही. त्या रात्री पहिला घास खाऊन ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘ये बैंगन कहाँ से लाए? इतने साल क्या खिला रहे थे हमको?’

पुढच्या आठवड्यात मी बिरजाबाईची वाट पाहत बसलो होतो.

तिच्यामागून तिच्या गावच्या बाया आल्या, मग शेजारच्या गावांतल्या. गुजरीत जागा पुरेना आणि माझे शेजारी दुकानदारही कुरकुरायला लागले. तेव्हा एका शाळेच्या मोठ्या बाईंनी रविवारी पटांगण वापरू दिलं. तिथं चिंचेखाली आमचा बाजार सुरू झाला. नाव ठेवलं नव्हतं, लोकांनीच ठेवलं: बिनफवारणीचा बाजार. नियम साधा होता. जे स्वतः पिकवलं किंवा स्वतः जंगलातून वेचलं तेच आणायचं. शेतात औषध मारायचं नाही. दुसऱ्याचा माल आपला म्हणून विकायचा नाही. मी माझा जुना टेम्पो घेऊन गावोगाव जायचो आणि बाया, टोपल्या, कोंबड्या सगळं एकत्र घेऊन यायचो.

लोक विचारत, ‘अय्युबभाऊ, विकतात त्या बाया. मग तुम्ही नेमकं करता काय?’ प्रश्न बरोबर होता. आठवडाभर मी फिरत असायचो. कुठं दोडीच्या वेलाला भाजीची फुलं लागली, कुठं वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, निघाले, कोणाची लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीची कोवळी पालेभाजी, खुडायला आली हे पाहायचं. सगळ्यांनीच अंबाडी आणली तर कोणाचीच विकत नाही, म्हणून एकीला म्हणायचं, तू या खेपेला तीळ आण. बांधावरून चालताना नाक उघडं ठेवायचं. शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवून केलेल्या खताचा वास आला की बरं वाटायचं. औषधाचा वास मला लांबून कळतो.

आणि गिऱ्हाईक विचारायचं, ‘कशावरून बिनफवारणीचं? काही सर्टिफिकेट?’

‘आहे ना,’ मी म्हणायचो. ‘टेम्पोतली पुढची सीट. बुधवारी बसा माझ्यासोबत, शेतात नेतो. तिथं पाहा.’

पुष्कळ जण हसून सोडून द्यायचे. पण काही खरंच यायचे. जो एकदा शेतात येऊन बायांच्या हातचा चहा पिऊन जायचा, तो पुन्हा कधी सर्टिफिकेट विचारायचा नाही.

आमच्या गिऱ्हाइकांत एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब होते. ते खिशात भिंग घेऊन यायचे. कुठूनतरी त्यांच्या डोक्यात बसलं होतं की ज्या वांग्याला अळीचं भोक तेच खरं बिनविषारी. मग ते प्रत्येक वांगं भिंगाखाली धरायचे आणि चांगलं असलं की संशयानं बाजूला ठेवायचे. सुरुवातीला बायांना राग यायचा. मग बिरजाबाईनं मार्ग काढला. शेतावर फेकायची किडकी वांगी ती वेगळ्या फडक्यात बांधून आणायला लागली.

‘ह्या सायबाले अळीचेच पायजेत,’ ती मला म्हणाली, ‘मंग आपून काऊन फेकावं?’

साहेब खुशीत घेऊन जायचे. महिनाभरानं त्यांच्या घरच्या बाई स्वतः आल्या, पदर खोचून. ‘कोण देतं हो यांना ही वांगी? चिरता चिरता माझा जीव जातो. अर्ध्याच्या वर फेकावं लागतं!’ बिरजाबाईनं मुकाट्यानं चांगली, तुळतुळीत वांगी त्यांच्या पिशवीत भरली. साहेब मागं उभे होते, भिंग खिशातच होतं. पुढच्या रविवारपासून ते भिंगानं तीळ निवडायला बायांना मदत करू लागले. तिथं ते खरोखर उपयोगी पडलं.

दुसरी गोष्ट मात्र हसण्यावारी गेली नाही. दुकानदाराच्या तोंडात ‘नाही’ हा शब्द नसतो. मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला ‘आहे ना, बसा, मागवतो’ म्हणत आलेला माणूस. रविवारच्या बाजारात मला ‘नाही’ म्हणायला शिकावं लागलं. भर पावसाळ्यात फुलकोबी? नाही. उन्हाळ्यात मटार? नाही. ‘मग आहे काय तुमच्याकडे?’ असं म्हणून पाठ फिरवणारी माणसं मी पाहिली. त्यांना परत बोलवायला माझी गोडी कमी पडली, याची चुटपुट अजून आहे. जे टिकले त्यांनी हळूहळू उलटा प्रश्न विचारायला सुरुवात केली. ‘अय्युबभाऊ, काय निघालं या आठवड्यात?’ हा प्रश्न पहिल्यांदा कानावर आला तो दिवस मला ईदसारखा वाटला होता.

तो प्रश्न विचारणाऱ्या पहिल्या बाई म्हणजे लाटकर सिस्टर. दवाखान्यात नर्स. नवरा लवकर गेला, एकटीनं मुलीला, प्रणालीला वाढवलं. दर रविवारी दोघी यायच्या. प्रणाली कॉलेजात गेली, चंद्रपूरला नोकरीला लागली, तरी सुटीत आली की बाजारात यायचीच. मग एका उन्हाळ्यात सिस्टर एकट्याच आल्या, तोंड उजळलेलं. प्रणालीचं लग्न ठरलं होतं, चंद्रपूरच्या मुलाशी. मार्गशीर्षात, इथंच गडचिरोलीत.

‘अय्युबभाऊ,’ त्या म्हणाल्या, ‘लग्नाचं सगळं जेवन आपल्या बाजारातून करायचं हाय मले.’

मी हसलो. मला वाटलं, भाजी म्हणत असतील. पण त्यांना तांदूळ, डाळ, तेल, गूळ, सगळंच म्हणायचं होतं.

‘सिस्टर, मुलाकडचे शहरातले. त्यांना पनीर लागेल. लोक काय म्हणतील?’

‘म्हनू द्या. दवाखान्यात मी लोकाईचे बिघडलेले पोटं पायतो रोज. माह्या पोरीच्या लग्नात मले ज्याचं तोंड मले ठाऊक हाय त्याच्याच हातचं अन्न पायजे.’

त्यांच्या दिरानं खूप विरोध केला. व्याह्यांकडून फोन आला की आमच्याकडची मोठी मंडळी येणार आहेत, जरा रीतीप्रमाणं करा. आणि आचारी नथ्थूभाऊ, ज्यांनी आमच्या भागातली निम्मी लग्नं जेवू घातली, ते तर माझ्यावरच चिडले. ‘तुमच्या त्या वाकड्या वांग्याईचा रस्सा करू? माह्यं नाव खराब करता का?’

सिस्टर कोणाचंच ऐकेनात. बाजारात ही बातमी कळली तेव्हा बायांच्या अंगात वारं शिरलं. कोणी तुरीच्या शेंगा देणार, कोणी पोपट, म्हणजे वालाच्या शेंगा, कोणी गूळ, कोणी जवस, तर कोणी टोपलीभर सांभार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. भाताचं बिरजाबाईनं अंगावर घेतलं. तिच्याकडे चिन्नोर होता. हा जुन्या जातीचा, बारीक, सुवासिक धान. शिजला की शेजारच्या घरी वास जातो. तो आता फार कोणी लावत नाही. उशिरा येतो आणि उतारा कमी देतो. त्या वर्षी तिनं नेहमीपेक्षा एक बांधी, म्हणजे धानाचं एक खाचर, जास्त लावली, लग्नासाठी. रोवणीच्या दिवशी प्रणाली माझ्या टेम्पोतून गेली आणि गुडघाभर चिखलात उतरून तिनं स्वतःच्या लग्नाचा भात स्वतः रोवला. रेघ इतकी वाकडी आली की बाया पोट धरून हसल्या. ‘नवरा सरळ भेटला ना, मंग रेघ वाकडी असू दे!’ बिरजाबाई म्हणाली.

पीक छान आलं. कापणी झाली. शेतातच धानाचे पुंजणे, म्हणजे मोठे ढीग रचले, चुरणं, म्हणजे मळणी, तेवढी बाकी होती. लग्न आठवड्यावर आलं होतं.

आणि हत्ती आले.

आमच्या जंगलात पूर्वी हत्ती नव्हते. अलीकडे पूर्वेकडून कळप येतो, फिरतो, पिकलेल्या धानाचा वास घेत गावाशी येतो. सकाळी बिरजाबाईच्या पुतण्याचा फोन आला, ‘भाऊ, या. पुंजणे गेले.’ मी गेलो. बांधीत जणू कोणी मोठा नांगर उलटा फिरवला होता. पुंजण्याच्या जागी तुडवलेला पेंढा, शेण आणि टोपलीएवढ्या पावलांचे खड्डे. बिरजाबाई बांधावर बसली होती. मी जवळ गेलो. तिनंच तोंड उघडलं.

‘आले, जेवले, गेले. पत्रिका दिली नव्हती तरी आले.’

मी बाजूला बसलो. ती हसली, मग पदर तोंडाला लावला.

‘बियाणं?’ मी विचारलं.

तिनं तुडवलेल्या पेंढ्याकडं बोट केलं. बियाणंही त्यातूनच निवडायचं होतं. सासूच्या सासूपासून तिच्या घरात चालत आलेला चिन्नोर त्या एका रात्रीत संपला होता. वनखात्याची माणसं येऊन पंचनामा करून गेली, त्यांनी आपलं काम केलं. पण पंचनाम्यात बियाणं परत येत नाही.

मी म्हटलं, ‘बाई, लग्नाच्या तांदळाचं मी पाहतो. मिलमधून घेऊ.’

ती ताडकन उठली. ‘मिलमधला? मंग येवढं कायले केलं? सिस्टरले मी काय तोंड दाखवू?’

त्याच दुपारी ती माझ्या टेम्पोत बसून गावोगाव फिरली. प्रत्येक घरी तेच सांगायची, ‘हत्ती माह्यं जेवून गेले, आता लग्नाचं तुमी पाहा.’ आणि बाया नाही म्हणाल्या नाहीत. कोणी लुचई दिली, कोणी हिरानक्की, कोणी सफरी, एकीनं तांबडा, जाडा धान दिला जो ती फक्त आंबिलीसाठी लावायची. संध्याकाळी तांदूळ पुरेसा झाला होता. पण सगळा वेगवेगळ्या जातींचा.

नथ्थूभाऊंना दाखवायला सिस्टरांच्या अंगणात नेला. त्यांनी एकेका पोत्यात हात घातला, दाणा दाताखाली फोडला आणि डोक्याला हात लावला.

‘अय्युबभाऊ, येका गंजात हे समदे टाकले तं काय होईल सांगू? येक शिजल, दुसरा कच्चा राईल, तिसऱ्याची पेज होईल. आनि नवा तांदूळ हाय, पानी सोडते. लोक भात खातीन का त्याची खळ करतीन?’

ते खरंच होतं, एका गंजात, म्हणजे एका मोठ्या पातेल्यात, हे जमणारं नव्हतं. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जाड्याला जास्त वेळ लागतो, बारीक पटकन मऊ होतो.  दीर ‘मी म्हणतच होतो’ अशा नजरेनं बघत होते.

‘मग वेगवेगळा शिजवा,’ प्रणाली म्हणाली. ती दाराशी उभी होती, हळद कुटून हात पिवळे झालेले. ‘काका, तुमच्याकडे गंज कमी आहेत का?’

नथ्थूभाऊंना हा अपमान वाटला. ‘गंज? पोरी, गंज माह्याकडं येवढे हायेत का साऱ्या तालुक्याले आंघोळ घालीन!’ बोलून गेले आणि मग थांबले. पुन्हा पोत्यांकडे पाहिलं. या खेपेला जरा वेगळ्या नजरेनं. ‘प्रत्येकाची चूल येगळी... पानी येगळं...’ ते पुटपुटले आणि बिरजाबाईकडे वळले. ‘बाई, ह्या तांबड्याले किती येळ लागते? खरं सांगजो, अंदाजानं नोको.’

तिथून पुढं ती दोघं चुलीच्या गोष्टी करत बसली. आम्ही बाकीचे तिथं नव्हतोच जणू.

लग्नाच्या दिवशी अगदी सकाळी मी भाज्या आणि बायांना घेऊन गावातून निघालो. मागं वांगी, पोपट, लाखोळीची कवळी भाजी, आणि पाट्यांच्या मधे नव्या लुगड्यातल्या बाया. गाणी चालू होती. जंगलाच्या मधोमध वनखात्याच्या माणसांनी हात केला.

‘इंजन बंद करा. कळप रस्त्यावर हाय.’

गाणी थांबली. समोर वळणावर धुकं होतं आणि धुक्यात काळे डोंगर हलत होते. त्यांच्या पोटाखाली एक पिल्लू रस्त्याच्या डांबरावर सोंड घासत खेळत होतं.  टेम्पोत ताज्या भाजीचा वास दरवळत होता आणि वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. मी घाईनं आवाज दाबून कानाला लावला. नथ्थूभाऊ.

‘भाऊ, भाजी कुठी हाय? इथी तेल तापून राह्यलं!’

‘हत्ती आडवा आहे,’ मी कुजबुजलो.

‘काय?’

‘हत्ती. रस्त्यात. आडवा.’

 मग ते म्हणाले, ‘लग्नात म्या लय बहाने ऐकले, अय्युबभाऊ. बस पंचर, गॅस संपला, पोट्टा पडला. हे पयल्यांदा.’ आणि फोन ठेवला.

टेम्पोत मागून बिरजाबाईचा हळू आवाज आला. ती हात जोडून बसली होती. ‘आता जा ना बापा. तुमचं झालं जेवन. आता आमच्या पोरीचं हाय.’ बाकीच्या बाया तोंडात पदर कोंबून हसू दाबत होत्या. भीतीत हसू आवरत नाही, हे मला तेव्हा कळलं.

कळप हलेना. शेवटी वनखात्याच्या एका माणसानं मला मागं घ्यायला लावलं आणि एका कच्च्या वाटेनं, नाल्यातून, बांधांवरून वळसा घालून बाहेर काढलं. टेम्पोनं इतके हिसके खाल्ले की सांभाराच्या पाट्या बायांच्या डोक्यावर उलटल्या. मांडवात पोचलो तेव्हा प्रत्येकीच्या अंबाड्यात हिरवी पानं अडकली होती. सनईवाला बघतच राहिला. नथ्थूभाऊ झारा घेऊन धावत आले, ओरडायला तोंड उघडलं, आणि त्या हिरव्या बाया बघून हसत सुटले.

मग सगळे चिरायला बसले. सिस्टरांच्या दवाखान्यातल्या नर्सा, शाळेच्या मोठ्या बाई, भिंगवाले साहेब आणि त्यांच्या घरच्या बाई, रजियासुद्धा. दीरही थोड्या वेळानं विळी ओढून बसले.

पंगत बसली. नथ्थूभाऊंनी भाताचे गंज ओळीनं मांडले होते आणि प्रत्येक गंजाशी तो धान ज्या बाईनं पिकवला तीच वाढायला उभी होती. ही कल्पना त्यांची, आचाऱ्याची. ताटात वांग्याची रस्सा भाजी, लाखोळीचे वडे, पोपटाची उसळ, वरण, तिळाचा लाडू. पनीर नव्हतं. मी व्याह्यांकडे बघत होतो. त्यांनी आधी पांढरी लुचई घेतली. मग हिरानक्की मागितली. मग तांबड्या भाताकडं बोट दाखवून विचारलं, ‘हा कोणाचा?’

‘माहा, जी,’ ती बाई लाजून म्हणाली. तिचा भात शहरातल्या माणसानं मागण्याची ही पहिलीच वेळ असावी.

बघता बघता वऱ्हाडात भांडण लागलं. वरणासोबत सफरी चांगली की हिरानक्की? नवऱ्याचे एक काका, जे पनीर हवं म्हणून फोनवर सगळ्यात जास्त बोलले होते, ते आता पंच झाले होते आणि निकाल देण्याआधी प्रत्येक गंजातला आणखी एकदा मागत होते. तांबडा भात सगळ्यात आधी संपला. पत्रावळींवर उष्टं जवळपास राहिलंच नाही. नथ्थूभाऊ रिकाम्या गंजांमधून कमरेवर हात ठेवून फिरत होते, जणू सगळा धान त्यांनीच रोवला होता.

त्या पंक्तीत नवऱ्याची एक म्हातारी आत्या होती, ब्रह्मपुरीकडच्या खेड्यातली. ती हळूहळू, प्रत्येक भात वेगळा करून खात होती. जेवण झाल्यावर ती बिरजाबाईपाशी आली. बिरजाबाईच्या पुढ्यात मात्र गंज नव्हता. ती नुसती सगळ्यांना पाणी वाढत होती.

‘तुहा कोनता भात, बाई?’

‘माहा हत्तीनं खाल्ला,’ बिरजाबाई म्हणाली. ‘चिन्नोर होता.’

आत्या पुढं सरकली. ‘चिन्नोर? माह्या घरी हाय ना. धानाच्या ढोलीत ठेवला हाय. पोरं म्हंतेत, आता कायले लावता, पन मी येक कोपरा लावतो दर साली.’

बिरजाबाईच्या हातातला तांब्या तिरपा झाला आणि पाणी आत्याच्या पायावर सांडलं. दोघींनाही ते कळलं नाही.

महाशिवरात्रीला मार्कंड्याला जत्रा भरते. वैनगंगेच्या वाळूत माणसांचा पूर असतो. त्या वर्षी मी टेम्पो भरून बाया नेल्या. बियाणं तिथंच देते, असा आत्याचा निरोप होता. देवळाच्या पायऱ्यांशी दोन म्हाताऱ्या एकमेकींना शोधत होत्या आणि दोघींनी दोनदा एकमेकींना ओलांडलं तरी ओळखलं नाही. शेवटी मीच हाक मारली. आत्यानं कमरेचं गाठोडं सोडलं. बिरजाबाईनं एक दाणा उचलून नखानं सोलला, नाकाशी धरला, आणि मान हलवली. तोच होता.

‘काय देऊ?’ तिनं विचारलं.

‘बियानं इकत नाई जी,’ आत्या म्हणाली. ‘वापस देजो कधी. आमच्याईकडं हत्ती येतीन येक दिवस.’

बिरजाबाई वाळूत बसली. तिनं गाठोडं पदरात घेतलं आणि टेम्पोतल्या प्रत्येक बाईला बोलावून एकेक मूठ द्यायला लागली. मी म्हटलं, ‘बाई, सगळं वाटून टाकाल तर तुम्हाला काय राहील?’

‘येकाच घरी ठेवलं म्हून तं गेलं ना,’ ती म्हणाली. ‘आता थोडं हिच्याकडं, थोडं तिच्याकडं. हत्ती काय सगळ्याईच्याच घरी जेवाले जातीन?’ मग तिनं माझाही हात ओढला आणि त्यात दाणे घातले.

‘मी काय करू? माझ्याकडे शेत नाही.’

‘बालटी हाय ना?’

आता गुडघ्यांमुळे मी टेम्पो चालवत नाही. बिरजाबाईचा पुतण्या चालवतो. रविवारी चिंचेखाली खुर्ची टाकून बसतो आणि नव्या गिऱ्हाइकांना ‘नाही’ म्हणायचं काम करतो. गुजरीतले माझे जुने सोबती काही इकडे आले नाहीत, मी पुष्कळ बोलावलं. पण चिन्नोर आता कितीतरी गावांत लागतो आणि सिस्टर नातवाला घेऊन तो घ्यायला येतात.

त्या पहिल्या पावसाळ्यात आमच्या गच्चीवरच्या बालटीतही तो आला होता. हिरवा, मग सोनेरी. रजिया दिवसभर चिमण्या हाकत बसायची. लोंब्या झोडपून, कांडून जेमतेम एका घासाचा तांदूळ निघाला असता. तिनं कांडलाच नाही. धान फडक्यात बांधला, दुसरी एक बालटी धुऊन शेजारी ठेवली आणि म्हणाली, ‘अगले साल दो में डालेंगे.’